हात न धरण्याचा नाच

ती सोशिक नव्हती. हे वाक्य आधी लिहून टाकते, कारण गेल्या महिन्यात केडगावला तिच्या घरासमोरच्या मांडवात बसून मी सगळी सकाळ हाच एक शब्द ऐकला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, तिच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, आणि मग जो उठला तो म्हणाला की मॅडम फार सोशिक होत्या. तिच्या शाळेतल्या शिक्षिका म्हणाल्या, शेजारी म्हणाले, तिचे धाकटे दीर म्हणाले. गेलेल्या बाईबद्दल काय बोलावं हे सुचलं नाही की आपल्याकडे हा शब्द तयार असतो.

मी ऐकून घेत होते. मुळात मी बोलणारी नाही. सगळी नोकरी ग्रंथालयात झाली. हळू बोलण्याचा पगार घेतला म्हणा. ती गेल्यापासून तर घरातही बोलणं नकोसं झालं होतं. पण शेवटी आमच्या नगरच्या कॉलेजातले जुने सर उठले. आता ऐंशीच्या आसपासचे आहेत. आम्ही शिकत होतो तेव्हा नुकतेच लागलेले तरुण प्राध्यापक होते आणि गॅदरिंगचं सगळं त्यांच्याकडे असायचं. काठी टेकत ते माइकपाशी गेले.

"बहात्तरचा दुष्काळ होता," ते म्हणाले. "तशा दिवसांत आमच्या संस्थेनं थेट मलायाचा नाच रंगमंचावर आणला. त्या काळात! आणि आपल्या या भगिनीला त्यात संधी दिली. पुढे संसारात त्यांचं नाचणं सुटलं, पण संस्थेनं दिलेला तो मोकळेपणा त्यांनी जपला."

संधी दिली, म्हणे.

ती संधी कुणी कशी दिली ते मला माहीत आहे. मी तिथे होते, तिच्या समोर, हातभर अंतरावर. लिहायला मला वेळ लागतो. लागू दे.

ती पारनेर तालुक्यातली. आमच्या वर्गात गावाकडून आलेल्या मुली थोड्या, आणि आल्या की महिन्याभरात शहरासारखं बोलायला लागायच्या. हिनं मुद्दाम बोली सोडली नाही. मुलींच्या वसतिगृहात राहायची. त्या वर्षी वसतिगृहात माणशी एक बादली पाणी मिळे, त्यातच आंघोळ आणि त्यातच कपडे. तिची आई गावाजवळच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. ती लहान असताना त्यांच्या वस्तीनं धम्म घेतला. घरातले जुने देव टोपलीत घालून ओढ्याला नेले, तेव्हा टोपलीमागे आपण नाचत गेलो होतो, असं ती सांगायची. "लोकं गपगार चालली हुती आन् मी एकटी नाचत. आयनं पाठीत धपाटा घातला, पर हळूच."

मी शिक्षकाची मुलगी, ब्राह्मण आळीतली. चष्मा, दोन वेण्या, हातात पुस्तक. रिकाम्या तासाला कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायला बसायची. आमची ओळख तिथलीच. तिला कादंबऱ्या लागायच्या आणि त्या ती कधी वेळेवर परत करायची नाही.

भिंगारच्या कॅम्पात त्या वर्षी लष्करी शिक्षणासाठी मलायाचा एक अधिकारी काही महिन्यांकरता आला होता. देशाचं नाव केव्हाच बदललं होतं, पण नगरमध्ये सगळे मलायाच म्हणायचे. त्याची बायको एकदा ग्रंथालयात आली. इथे दिवसभर करायला काही नाही, इंग्रजी पुस्तकं मिळतील का, असं विचारायला. बुटकी, गोल चेहऱ्याची, लांब बाह्यांचा झगा आणि खाली नक्षीचं नेसू. आमच्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल. दोन-तीन खेपांनंतर मी त्यांना ताई म्हणायला लागले, आणि त्याचा अर्थ सांगितल्यावर त्यांना ते फार आवडलं.

बोलता बोलता कळलं की लग्नाआधी ताई तिकडच्या विद्यापीठाच्या नृत्यगटात होत्या. खेड्यापाड्यांतले जुने नाच घ्यायचे आणि त्यात आपलं, आजचं काहीतरी मिसळायचं, असा तो गट. घरची म्हातारी माणसं म्हणायची, हे आपलं उरलं नाही. मित्रमैत्रिणी म्हणायच्या, हे कसलं जुनाट. शिवाय त्यातला जो सगळ्यात आनंदी नाच, जोगेत नावाचा, तो पूर्वी पैसे घेऊन नाचणाऱ्या बायकांचा. तेव्हा चांगल्या घरच्या मुलींनी तो नाचायचा म्हणजे काय, यावरून प्रत्येकीच्या घरी रडारड झालेली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, नाचलो," ताई म्हणाल्या, आणि दोन कपाटांच्या मधल्या बोळात त्यांनी मला मनगटं कशी फिरवायची ते दाखवलं.

नेमकी तेव्हाच ही आली, उशीर झालेलं पुस्तक पदराआड लपवून. क्षणभर बघत राहिली.

"ह्या बाई काय करत्यात गं?"

"नाच दाखवतायत. त्यांच्याकडचा."

"मंग टेबल सरकव की. बाईला जागा कुठं हाय?"

असा आमचा गट जमला. गॅदरिंगला मलायाचा नाच बसवायचा म्हटल्यावर सरांनी आनंदानं परवानगी दिली. कॅम्पातले अधिकारी पाहुणे म्हणून येणार होते, त्यांच्यापुढे शोभा होणार होती. आम्ही सात-आठ मुली. मी नाचणारी नव्हे, मी दुभाषी. ताईंचं इंग्रजी मराठीत सांगायचं, आणि त्यांच्या छोट्या रेकॉर्ड प्लेअरवर तबकडी लावायची. तबकडीत व्हायोलिन आणि ढोल, आणि मध्येच कुणीतरी आनंदानं ओरडायचं.

जोगेत बघायला सोपा आहे. दोघी समोरासमोरून झपझप लहान पावलं टाकत येतात, आता टक्कर होणार इतक्या जवळ, आणि न लागता एकमेकींच्या शेजारून निघून जातात. वळतात, पुन्हा येतात. बोटं उघडतात, मनगटं फिरतात, चेहऱ्यावर चिडवल्यासारखं हसू. पण अंगाला अंग लावायचं नाही, हात धरायचा नाही. ताई म्हणायच्या, सगळी मजा त्या न लागण्यात आहे.

आणि तिथेच आमचं चुकायचं. दोघी जवळ आल्या की आमच्या मुलींचे हात आपोआप पुढे जायचे, कातरी होऊन, उजव्यात उजवा आणि डाव्यात डावा. हात धरले की टाचा जमिनीत रोवल्या जायच्या आणि अंग मागे रेलायचं. पहिल्या दिवशी ताई हसल्या. दुसऱ्या दिवशी टाळी वाजवून म्हणाल्या, हात नाही, हात नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी चिडल्या. तबकडी थांबवून मला म्हणाल्या, "विचार यांना, यांना कळत नाही की ऐकायचं नाही?"

मी विचारलं. ही पदरानं गळ्याचा घाम पुसत म्हणाली, "कळतंय की. पर ताई, आमाला लहानपणापासून सवय हाय. समोर बाई आली, हात पुढं आला, की धरायचा आन् फिरायचं. हात ऐकत न्हाईत, आमी काय करू?"

"हे फिरणं म्हणजे काय ते दाखवा," ताई म्हणाल्या.

कापडबाजारातल्या व्यापाऱ्याची मुलगी आमच्यात सगळ्यात चांगली नाचायची. ती आणि ही पुढे झाल्या. पायांची बोटं जुळवली, कातरी धरली, मागे रेलल्या, आणि फुगडी सुरू झाली. आधी हळू, मग वेग. दोघींनी तोंडानं पकवा धरला. तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको, श्वासाचाच ताल असतो तो, ढोलाची गरज पडत नाही. वेण्या आडव्या झाल्या. बाकीच्या मुली ओरडायला लागल्या. ताई तोंडावर हात ठेवून उभ्या. फुगडी थांबल्यावर त्या स्वतःच पुढे झाल्या, हिचे हात धरले आणि म्हणाल्या, मलाही शिकव. दोन फेऱ्या झाल्या असतील. ताई किंचाळल्या, सुटल्या, आणि नक्षीच्या नेसूसकट जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

मग तिथेच बसल्या बसल्या त्यांनी मला जे सांगितलं ते मी सगळ्यांना सांगितलं. त्यांच्या गटात असंच व्हायचं. चूक वारंवार होते आहे म्हणजे ती कुठून तरी येते आहे, तेव्हा ती काढायची नाही, तिला जागा द्यायची. "पहिला नाच माझा. जवळ या, लागू नका. पुन्हा या, लागू नका. बघणाऱ्यांचा जीव टांगून ठेवा. आणि शेवटी धरा हात. तिथून तुमचं."

ते ऐकून ही म्हणाली, "बाई हुशार हाय. सासूला कशी सांभाळत असंल ते बघाया पायजे."

हे मी भाषांतरात गाळलं.

नाच खरंच सुरेख झाला. मी रोज तबकडीशेजारी बसून बघत होते. न लागण्याचा तो खेळ इतका लांबायचा की शेवटी हात धरले गेले की बघणाऱ्याच्याच छातीतून श्वास सुटायचा. ही आणि ती व्यापाऱ्याची मुलगी मधोमध असायच्या, बाकीच्या जोड्या दोन बाजूंना.

तालमीला एकदा त्या मुलीची आई आली. लेकीचा नाच बघायला, हौसेनं, डब्यात चकल्या घेऊन. जोगेत चालू होता तोवर मान डोलवत होती. हात धरले गेले तसा तिचा चेहरा बदलला. तिनं मला हळूच विचारलं, "ही समोरची कोण गं? कुठली?" मी गावाचं नाव सांगितलं. "तसं नाही," ती म्हणाली, "कुणाची?" मी तबकडीकडे वळले. माझ्या उत्तराची गरजही नव्हती. कुणी तरी सांगितलंच. चकल्यांचा डबा न उघडता ती घेऊन गेली.

दुसऱ्याच दिवशी सर तालमीला आले. हातातलं घड्याळ सैल होतं, ते सारखं वर सरकवत होते.

"मुलींनो, नाच छान आहे. पण फुगडी काढा. दुष्काळाचे दिवस आहेत. बाहेर लोक खडी फोडतायत आणि आपण रंगमंचावर फुगड्या घालायच्या, हे बरं दिसत नाही."

ही पुढे झाली. "सर, खडी फोडणारी लोकं म्हंजे माझी आय. दुपारच्या सुट्टीत तितल्या बाया फुगडी खेळत्यात. मी डोळ्यांनी बघितलंय. पाण्याचे माठ येगळे ठिवल्यात तितं, पर फुगडी हाय."

"तो वेगळा विषय आहे."

"आन् मलायाचा नाच दुष्काळात चालतो व्हय? त्याला पाणी लागत न्हाई?"

मुली हसल्या. सर लाल झाले. "हे बघ, वाद नकोय. संस्थेच्या चिटणीसांपर्यंत गोष्ट गेलीय. फुगडी आपली घरगुती, मंगळागौरीची. ती अशी सगळ्यांसमोर, अशी... सरसकट शोभत नाही."

"कुणाला शोभत न्हाई, सर?"

त्यांनी घड्याळ वर सरकवलं. "ठेवायचीच असेल तर ठेवा. पण मग तू पहिल्या भागात नाच, आणि शेवटच्या भागात जरा बाजूला उभी राहा. टाळ्या वाजव. तेही महत्त्वाचं असतं."

ताईंना मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी घडतंय हे दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतायत?"

मी आयुष्यात पुष्कळ भाषांतरं केली, छापलीही. त्या दिवशीचं मला अजून सगळ्यांत नेमकं वाटतं. सर जे बोलले ते मी सांगितलं नाही. त्यांना जे म्हणायचं होतं ते मी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं: या मुलीच्या हाताला हात लावलेला यांना लोकांपुढे चालत नाही, कारण ती ज्या घरात जन्मली त्या घरच्यांना हे लोक पिढ्यान्‌पिढ्या शिवत नव्हते. न शिवता नाचली तर चालेल. सरांना इंग्रजी उत्तम येत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि "असं मी म्हटलेलं नाही" हे वाक्यही त्यांना मराठीत म्हणावं की इंग्रजीत ते ठरवता येईना.

ताईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या सरांना म्हणाल्या, अगदी शांतपणे, "आमच्या नाचात हात धरत नाहीत. पण त्याचं कारण हे नाही. माझा नाच या कामाला वापरू नका."

सर निघून गेले. फुगडी काढली नाही तर पडदा पडेल, एवढं दारातून सांगून.

त्या दिवशी संध्याकाळी व्यापाऱ्याची मुलगी वसतिगृहात आली. डोळे सुजलेले. आईनं बाहेर पडायलाच बंदी केली होती, निरोप द्यायला म्हणून कशीबशी आली होती. "मला काही वाटत नाही गं," ती हिला म्हणाली, "पण आई म्हणते..."

"जा बाई तू," ही म्हणाली. "तुझ्या आयचं बरोबर हाय. माझा हात लागला म्हणून रोज तुला आंघोळ घालायची, तर ह्या दुष्काळात ट्यांकर मागवावा लागंल."

ती रडता रडता हसली आणि गेली. ती गेल्यावर मात्र ही कॉटवर बसली. बादलीच्या तळाशी उरलेलं पाणी पायानं हलवत राहिली. मग म्हणाली, "जोडीच न्हाई तर फुगडी कुणासंगं घालू? भिताडासंगं? जिकले ते."

बाकीच्या मुलींच्या जोड्या ठरलेल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मधे येऊन तिच्यासमोर उभं राहायचं म्हणजे आपापल्या घरी उत्तर द्यावं लागणार होतं. मी म्हटलं, "मी घालते."

तिनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू? तुला जिना उतरताना कठडा लागतो."

"शिकव."

"चष्मा पडंल."

"दोरा बांधते."

दोन दिवस तिनं मला तासलं. पावलं मला पाठ होती, इतके दिवस बघत होते. अंगात येत नव्हती. जोगेत कसाबसा जमला. फुगडीत मी तिचे हात धरायची आणि घाबरून सरळ उभी राहायची. ती ओरडायची, "रेल की मागं! मी हाय ना हिकडं. आन् पुस्तकावानी धरू नको, बोटांच्या टोकानं. बादलीवानी धर. भरलेल्या."

भरलेल्या बादलीसारखं. त्या वर्षी भरलेली बादली कुणी सैल धरत नसे. मी तसं धरलं, आणि पहिल्यांदा माझं वजन माझ्या पायांवरून सुटून तिच्या हातांत गेलं, आणि तिचं माझ्या हातांत आलं. घेरी आली नाही.

घरी सांगितलं. आई कणीक मळत होती. "गॅदरिंगमध्ये नाचणार आहे," मी म्हटलं, आणि कुणाबरोबर तेही सांगितलं, हात धरून म्हणूनही सांगितलं. ती मळतच राहिली. मग म्हणाली, "धर. पण घरी येऊन त्याचं कौतुक सांगत बसू नकोस, तुझी आत्या आहे इथे." वडील वर्तमानपत्राआड होते, ते वर्तमानपत्राआडच राहिले.

गॅदरिंगच्या दिवशी मांडव भरला होता. पहिल्या रांगेत कॅम्पातले अधिकारी, त्यांच्या शेजारी संस्थेचे चिटणीस, आणि ताई. सरांना वाटलं होतं की जोडी मोडली म्हणजे फुगडी आपोआप गेली. आम्ही आईचं एकेक लुगडं ताईंच्या नेसूसारखं गुंडाळून नेसलो होतो. माझ्या चष्म्याला काळा दोरा. मला बघून मागच्या बाकांवरची पोरं ओरडली, "ग्रंथालय बंद आहे काय?"

तबकडी लागली. आम्ही समोरून आलो, लागलो नाही. वळलो, पुन्हा आलो, लागलो नाही. ओरडणारी पोरं हळूहळू गप्प झाली. तिच्या चेहऱ्यावर ते चिडवल्यासारखं हसू होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं, पहिल्या रांगेसाठी होतं. तिसऱ्यांदा आलो तेव्हा तिनं हात पुढे केले.

मी भरलेल्या बादलीसारखे धरले.

रेलण्याआधी मला चिटणीस दिसले. त्यांनी मान वळवून सरांकडे बघितलं, एवढंच. सर पळाले. लाउडस्पीकर बंद झाला. व्हायोलिन गेलं, ढोल गेला. बाजूच्या जोड्या गोंधळून थांबल्या. जोगेत असता तर तो तिथेच संपला असता, त्याला वाद्य लागतं. पण फुगडीला काही लागत नाही. हिनं पकवा धरला. मीही धरला. माझा कुठे कुठे चुकत होता, तिचा नाही. बाजूच्या एका जोडीनं पुन्हा हात धरले. मग दुसरीनं. सगळा मांडव शांत आणि त्यात फक्त आमचा श्वास.

मग पडदा पडला. मधेच, धाडकन. मला वाटलं आता थांबायचं. ती ओरडली, "सोडू नकोस!" आणि आम्ही पडद्यामागे फिरत राहिलो. पलीकडे लोकांना काही दिसत नव्हतं, पण पकवा ऐकू जात होता, आणि तो थांबेपर्यंत पुढच्या कार्यक्रमाची घोषणा करायला कुणी आलं नाही. पलीकडून टाळ्या कुणी आधी वाजवल्या ते मी बघितलं नाही. ताईंनी, असं ताई म्हणाल्या. कॅम्पातल्या अधिकाऱ्यांनी वाजवल्या म्हणून चिटणीसांनाही वाजवाव्या लागल्या.

घरी गेले आणि आत्या ताटावर बसलेली असताना मी सगळं कौतुक सांगितलं, एक शब्द न गाळता. आत्या अर्ध्या ताटावरून उठली. आईनं माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली.

पुढच्या वर्षी गॅदरिंगमध्ये मुलींचा नाच ठेवला नाही. ताई महिन्याभरात नवऱ्यासोबत परत गेल्या, तबकडीही घेऊन गेल्या. ही बी.ए. झाली, शिक्षिका झाली, मुख्याध्यापक झाली. लग्न, मुलगी, केडगावला घर. आम्ही भेटत राहिलो, भांडत राहिलो, तिनं माझी पुस्तकं परत केली नाहीत. नाचाचं बोलणं निघालं की ती हसायची आणि विषय बदलायची. त्यामुळे सर मांडवात म्हणाले की तिचं नाचणं सुटलं, तेवढं मलाही खरं वाटलं.

बाकीचं मात्र नाही. सर खाली बसायच्या आत मी उठले. माइकपाशी गेले नाही, तिथूनच बोलले. "सर, तुम्ही तिला संधी दिली नाही. तुम्ही तिला बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायला सांगितलं होतं. लाउडस्पीकर तुम्ही बंद केला होता. ती सोशिक नव्हती, आणि तुम्ही मोकळे नव्हता. आज तिच्या फोटोपुढे हे तरी खरं सांगू या."

सर म्हणाले, "असं मी म्हटलेलं नाही." या वेळी मराठीत. त्यांना बहुधा खरंच आठवत नसावं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आठवायचं काम ज्यांचे हात सोडवायला लोक निघाले होते त्यांच्यावरच पडतं, तर पडू दे. मी खाली बसले. दीर जमिनीकडे बघत होते. तिच्या शाळेतली एक शिक्षिका डोळे पुसत हसत होती.

जेवणं झाल्यावर तिची मुलगी माझ्यापाशी येऊन बसली. तीही आता पन्नाशीची. "मावशी, आई कॉलेजात नाचायची हे आम्हाला माहीतच नव्हतं. फुगडी मात्र घालायची हां. मला शिकवली, माझ्या पोरींना शिकवली. गुडघे गेले तोवर स्वतः घालायची."

"फुगडी तर सगळ्याच घालतात," मी म्हटलं.

"हो, पण आईच्या गावाकडची जरा वेगळी. सुरुवातीला त्यांच्याकडे काहीतरी वेगळंच करतात." तिनं अंगणात हाक मारली. "ए, आजीची फुगडी दाखवा गं मावशीला."

दोन नाती उठल्या. एक कॉलेजात जाणारी, एक तिच्याहून लहान. कार्यक्रमाच्या दिवशी हे बरं दिसतं का म्हणून त्यांनी आईकडे एकदा बघितलं. आई म्हणाली, "दाखवा."

त्या अंगणाच्या दोन टोकांना गेल्या. समोरासमोरून झपझप लहान पावलं टाकत आल्या, आता टक्कर होणार इतक्या जवळ, आणि न लागता निघून गेल्या. वळल्या. मनगटं फिरली, बोटं उघडली. ते चिडवल्यासारखं हसू तर थोरलीच्या चेहऱ्यावर जसंच्या तसं होतं. पुन्हा आल्या, पुन्हा लागल्या नाहीत. मांडवात खुर्च्या गोळा करणारी माणसं थांबली. काठी टेकत फाटकाकडे निघालेले सर थांबले.

तिसऱ्यांदा त्यांनी हात धरले.

मुलगी माझ्या कानाशी सांगत होती, "पारनेरकडं अशीच घालतात म्हणे."

मी तिला दुरुस्त केलं नाही. म्हटलं, "हो. तिकडे अशीच घालतात."

धाकटी रेलताना जरा बिचकत होती. थोरली तिच्यावर ओरडली, "नीट धर की! बादलीवानी!"